शैला, इतिहासाचा तास आता माझ्याकडं आलाय

शैला,

तेरावं झालं. भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, तुझ्या माहेरची खजुरीची माणसं गेली, अंगण झाडून झालं. घर पहिल्यासारखं दिसायला लागलंय आणि त्याचाच मला राग येतोय. सकाळी चहा ठेवताना हात आपोआप तुझ्या वाटणीचं पाणी ओततो. मग तो चहा मीच पिऊन टाकते. वाया कामून घालायचा?

सगळे म्हणतात, रडून घ्या, मोकळं होईल. रडू येत नाही त्याला मी काय करू? दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा होतो ना, आपलाच असून आपला नसल्यासारखा, तसं झालंय. भाकरी थापते, दूध तापवते, कोणी काही विचारलं तर उत्तर देते. बायका बघून म्हणाल्या, थोरली जाऊ लई घट्ट आहे. घट्ट कसली, मला काही कळतच नाही.

आणि तू गेलीस ती गेलीस, इतिहास माझ्या गळ्यात टाकून गेलीस. गणित आणि विज्ञान माझं, भाषा आणि इतिहास तुझा, अशी आपली वाटणी होती. परवा मी पोरींना घेऊन बसले. माझी पल्लवी आणि तुझी भाग्या. पाठ्यपुस्तक काढलं, पहिला धडा उघडला, मोठ्यानं वाचायला लागले. पल्लवी समजूतदार, तिनं मान हलवत ऐकलं. भाग्या माझ्याकडं बघत होती. मी पान उलटलं तशी म्हणाली, "मोठीआई, हे कुणी पाहिलंय?" मी म्हणाले, पुस्तकात दिलंय. तास झाला, मी पुस्तक मिटलं, आणि मला पहिल्यांदा तुझा खरा राग आला.

तुला आठवतंय का, सुरुवातीला तूच माझ्याहून कडक होतीस. भाग्या बीदरच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसायची आणि घरी येऊन तोंड उघडायची नाही. घरात मराठी, दुकानात कन्नड, शेजारी दखनी, सगळीकडं टुरूटुरू बोलणारी पोर त्या शाळेत मुकी झाली होती. तू तिला काढलंस तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. अगं, लोक काय म्हणतील, अख्ख्या जनवाड्यात कुणाची पोरगी घरी बसून शिकते का? तू म्हणालीस, लोकांची पोरगी न्हाई मुकी झाली. पुढं वर्षभरात मी माझीही काढली, तो भाग वेगळा. पण तेव्हा तू घरातच शाळा मांडली होतीस. भिंतीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत कागदाची पट्टी चिकटवलीस, तिच्यावर सगळ्या सनावळ्या. पोरी पाढे म्हटल्यासारख्या म्हणायच्या. मला तर ती पट्टी फार आवडायची. स्वच्छ, सरळ, एकापुढं एक.

मग त्या दुपारी तू सहज विचारलंस, या पट्टीवर आपले अप्पा कुठं बसतील गं? भाग्यानं जरा विचार केला आणि थेट अशोकाच्या शेजारी बोट ठेवलं. पल्लवी म्हणाली, नाही गं येडे, अप्पा एवढे म्हातारे नाहीत, आणि तिनं त्यांना बहामनी सुलतानापाशी आणून बसवलं. बाहेर ओसरीवर अप्पा तंबाखू मळत होते. नातींचा हा हिशेब त्यांना सांगितला तर म्हणाले, मग तिथून पेन्शन कामून येत न्हाई? आपण दोघी पोट धरून हसलो. पण रात्रीच्या भाकरीला बसेपर्यंत तुझं हसू गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तू पट्टी काढलीस. मी म्हटलं, अगं एवढी मेहनत! तू म्हणालीस, अक्का, यांना सगळं पाठ आहे आणि काहीच कळलेलं न्हाई.

तेव्हापासून तुझा इतिहासाचा तास असा राहिलाच नाही. तूर निवडताना, कपडे वाळत घालताना, कधी एसटीत. पोरीनं काही विचारलं की तू सांगायची नाहीस. कोण होतं तिथं, त्याला विचार जा, म्हणायचीस. आणि एकालाच विचारून यायचं नाही, निदान दोघांना. बस, एवढाच तुझा अभ्यासक्रम. मला हा चक्क आळस वाटायचा. तोंडावर म्हणालेसुद्धा.

निजामाचा घोळ तर मी विसरणार नाही. आपल्याकडं म्हातारी माणसं बोलताना "निजामात असं होतं, निजामात तसं होतं" म्हणतात. भाग्याला वाटलं, निजाम म्हणजे एखादं गाव. हुमनाबादच्या पुढं कुठंतरी असेल. नकाशा पसरून शोधत बसली. मी सांगायला तोंड उघडलं तर तू मला डोळ्यांनी गप्प केलंस. पोरगी चांगले आठ-दहा दिवस निजाम शोधत होती. किराणा दुकानात विचारलं, कंडक्टरला विचारलं, मशिदीजवळच्या टेलरचाचांना विचारलं. चाचा म्हणाले, बेटा, वो गाँव नहीं, वो तो हमारे दादा का जमाना था. मग त्यांनी तिला बसवून घेतलं आणि त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. तिथून ती अप्पांकडं गेली, तर अप्पांनी भलतीच गोष्ट सांगितली, रझाकारांची, रात्री शेतात लपून बसल्याची. ते ऐकून ती परत चाचांकडं गेली. मग चाचांनी पोलीस अॅक्शनमधलं, हिंदुस्थानची फौज आली तेव्हाचं सांगितलं, त्यांचे आजोबा कुठं लपले होते ते. जेवताना म्हणाली, सगळेच लपले होते, मग शोधत कोण होतं?

मला तेव्हा वाटलं, अकरा वर्षांच्या पोरीला हे पेलवायचं आहे का? आणि मनात हेही आलं की मला हा प्रश्न आयुष्यात कधी पडला नव्हता. मी बीएस्सी झाले, उदगीरला क्लासमध्ये शिकवलं, पण हे कधी विचारलं नाही. हे मी तुला बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तू डोक्यावर बसली असतीस.

आपलं खरं भांडण मात्र शाळेच्या व्हरांड्यावरून झालं. ते अजून मिटलेलं नाही आणि आता कोणाशी मिटवू सांग.

अप्पा नेहमी सांगायचे, आमच्या काळची शाळा बघायला पाहिजे होती, सगळ्या जातीची पोरं एकत्र शिकलो, भेदभाव न्हवता. पोरींना हे तोंडपाठ होतं. तू त्यांना म्हणालीस, बरं, आता शांताबाईंना विचारून या. शांताबाई म्हणजे बुद्धविहाराजवळ राहतात त्या, नर्स होत्या, अप्पांच्याच शाळेतल्या, त्यांच्याहून थोड्या लहान. पोरी गेल्या. शांताबाईंनी चहा दिला, बिस्किटं दिली, आणि म्हणाल्या, "व्हय की, एकत्रच शिकलो. तुमचे अप्पा आत, मी व्हरांड्यात."

रात्री ताटावर भाग्यानं सरळ विचारलं, "अप्पा, तुमी आत बसायचे का बाहेर?" अप्पा म्हणाले, आत. शांताआजी कुठं बसायच्या? अप्पांचा घास तसाच हातात राहिला. तवा तसंच होतं, म्हणाले, आणि ताट सारून उठले. भावजी तुझ्यावर चिडले, आमचे हे माझ्यावर चिडले. म्हाताऱ्या माणसाला जेवत्या ताटावरून उठवता का, म्हणून.

मी त्या दोघांपेक्षा जास्त चिडले होते, पण वेगळ्या कारणानं. मी तुला भांडी घासताना म्हटलं, हे काय चाललंय तुझं, यालाही विचार आणि त्यालाही विचार? एक माणूस आत बसला होता आणि एक बाहेर. याला दोन बाजू कसल्या? सरळ सांगून टाक ना पोरींना, शांताबाई सांगतात ते खरं आणि अप्पा सांगतात ते खोटं. माहीत असूनही जो सांगत नाही तो मास्तर कसला? तू तांब्या विसळत होतीस. म्हणालीस, "आपण सांगितलं की त्या पाठ करतात, अक्का. तिथं जाऊन बसल्यावर शांताबाईच्या तोंडाकडं बघावं लागतंय."

मी म्हटलं, हे झालं तुझं गोड बोलणं. पण समजा पोरगी गेलीच नाही, किंवा तिनं अप्पांचंच खरं धरलं, मग? तुला उत्तर नव्हतं. होतं का? तू काही तरी बोलणार होतीस तेवढ्यात दूध उतू गेलं.

चार दिवसांनी अप्पा ओसरीवर भाग्याला म्हणाले, ती व्हरांड्यात बसायची, पाऊस आला की भिजायची, मग मास्तर तिला घरी पाठवायचे. एवढंच. भाग्यानं बरं म्हटलं. मी दाराआडून ऐकलं. तूही ऐकलंस, मला माहीत आहे, कारण तू त्या दिवशी अप्पांच्या चहात आलं घातलंस. मी म्हटलं, आता तरी पोरीला समजावून सांग की हे चूक होतं. तू म्हणालीस, ती काय येडी हाय?

माझं म्हणणं अजून तेच आहे, शैला. जो तिथं होता त्यानं सरळ सांगावं. आडवळण नको. असं मी तुला किती वेळा म्हणाले, आणि आता बघ काय होऊन बसलं.

तुला गुलबर्ग्याला दवाखान्यात ठेवलं तेव्हा पोरी घरीच होत्या, अप्पांजवळ. मी तुझ्याजवळ. भावजी वर-खाली, वर-खाली, कधी रक्ताला, कधी औषधाला. त्या दुपारी डॉक्टरांनी नवीन चिठ्ठी दिली आणि भावजी खाली गेले. ते वर येईपर्यंत तू गेली होतीस. खोलीत मी एकटी होते.

तुला घरी आणलं तेव्हा अंगणात ही गर्दी. भाग्या येऊन भावजींना चिकटली. भावजी तिच्या डोक्यावरून हात फिरवत सगळ्यांसमोर म्हणाले, तुझंच नाव घेत घेत गेली गं माझी बाय. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होते.

नंतर एकदा आपल्या दुकानात आम्ही दोघंच असताना मी त्यांना म्हटलं, भावजी, तुम्ही पोरीला तसं का सांगितलं? त्यांनी वजनकाट्यावरची धूळ पुसली. म्हणाले, "वहिनी, मग काय सांगू तिला? मी न्हवतोच तिथं." आणि त्यांनी मलाही विचारलं नाही, तू काय बोललीस ते. मी थांबले होते, विचारतील म्हणून. नाही विचारलं. माणसाला भीती वाटत असेल. मी त्यांना दोष देत नाही.

आता तुझी पोर. तेराव्याच्या आधीच पल्लवीनं माझ्या कानावर घातलं, आई, भाग्या सगळ्यांना विचारत फिरायलीय. काय विचारतेय? आई गेली तेव्हा तुम्ही कुठं होता, म्हणून. ह्यांना विचारलं, ते फोनवर होते. अप्पांना विचारलं, ते ओसरीवर होते, फोन त्यांनीच घेतला. खजुरीच्या मामांना विचारलं. तिच्या पप्पांना तर दोनदा विचारलं. कोणी तिला जवळ घेतलं, कोणी रागावलं, असं विचारू नये म्हणून. ती कोणाशी हुज्जत घालत नव्हती. ऐकायची आणि पुढच्याकडं जायची. मला कळलं, ती सगळ्यांत शेवटी माझ्याकडं येणार. तुझी शिकवण, दुसरं काय.

मी तिला टाळायला लागले. ती स्वयंपाकघरात आली की मी मागच्या दारी, ती मागच्या दारी आली की मी गच्चीवर. घट्ट म्हणे थोरली! शैला, मला त्या पोरीची भीती वाटत होती. कारण तू तिचं नाव घेतलं नव्हतंस. एकदाही नाही. भावजींनी दिलेलं ते एक वाक्य तिच्याजवळ होतं आणि ते मोडायचं काम माझ्या वाट्याला आलं होतं. तुला मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या. मरताना पोरीचं नाव घ्यायला काय झालं होतं तुला? मला खोटं तरी बोलावं लागलं नसतं, किंवा खरं तरी.

काल दुपारी मी तूर निवडत बसले होते. ती आली, सुपाच्या पलीकडं बसली, तीही खडे काढायला लागली. आता उठून जायला मला जागा नव्हती. जरा वेळानं म्हणाली,

"मोठीआई, पप्पा औषधाला खाली गेल्ते ना?"

"हो."

"मग आईनं माझं नाव घेतलेलं त्यांना कसं ऐकू आलं?"

मी तूर चाळत राहिले. शैला, त्या घडीला माझ्या तोंडाशी किती तरी उत्तरं आली. मला सांगितलं आणि मी पप्पांना सांगितलं, असं म्हणून टाकलं असतं तर सगळं जुळलं असतं. भावजींचं राहिलं असतं, पोरीचं राहिलं असतं. आणि तुला मी इतकी वर्षं काय सांगत होते? सरळ सांगावं. सरळ सांगावं म्हणणं सोपं असतं गं, भांडी घासताना.

मग मी तिच्याकडं बघितलं. तू म्हणायचीस तसं तोंडाकडं बघावं लागलं. आणि ते तोंड बघून मला खोटं बोलता येईना.

"तिथं मी होते," मी म्हणाले. "एकटी."

"मग? घेतलं माझं नाव?"

"न्हाई."

मी थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं, म्हणून बोलत गेले. म्हटलं, तुझ्या आईला फार बोलवत नव्हतं. डोळे मिटलेले होते. मग एकदम म्हणाली, अक्का, वेणी टोचायलीय. उशीवर डोक्याखाली वेणी आली होती. मी म्हटलं, हलू नको, करते. तिचं डोकं एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं वेणी सोडली. केस मोकळे केले, बोटांनी सारखे केले. हां, म्हणाली. बरं वाटलं तिला. ते तोंडावर दिसलं. मग ती काही बोलली नाही. मी केसांतून हात फिरवत राहिले. ती कधी गेली ते मला कळलं नाही, भाग्या. मी हात फिरवतच होते.

एवढं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही. सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच होता, सुपातली तूरसुद्धा तशीच चाळत होते, पण तुरीवर पाण्याचे थेंब पडायला लागले आणि मला आधी समजलंच नाही ते कुठून येतायत.

भाग्यानं खडे काढायचे थांबवले. ती विचार करत होती. तुझ्यासारखीच, खालचा ओठ दातात धरून. मला वाटलं, आता ही उठून जाईल आणि परत माझ्याकडं येणार नाही. किंवा भावजींकडं जाईल आणि त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडेल. मीच म्हणत होते ना, खोटं ते खोटं म्हणून सांगून टाकावं.

ती म्हणाली, "पप्पाला सांगू नको, मला कळलं म्हणून."

मी मान हलवली. हिला मी काय शिकवणार होते, सांग. तुला उत्तर नव्हतं ना माझ्या प्रश्नाला, त्या दिवशी, दूध उतू गेलं तेव्हा? मला अजूनही वाटतं व्हरांड्याच्या बाबतीत माझंच बरोबर होतं. पण या बाबतीत मला काही बोलता येत नाही, आणि तू असतीस तर हे मी तुझ्यासमोर कबूल केलं असतं का, तेही सांगता येत नाही.

मग तिनं सूप बाजूला सरकवलं, जागेवरच वळली आणि माझ्याकडं पाठ करून बसली. तिची वेणी पल्लवीनं सकाळी घातलेली, घट्ट, रिबिनीची.

"मोठीआई," ती म्हणाली, "माझी बी सोड."